सरोवराचा काठ कोणाचा?



कॅनडा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो, उंच इमारती येतात आणि डॉलर येतात. टोरांटो, व्हँकुव्हर ही नावे आता आपल्या वस्तीतल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. पण कोणताही देश त्याच्या मोठ्या शहरांवरून पुरता कळत नाही. लहान गावातला कामकरी माणूस सुटीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन कोठे जातो, तेथे त्याला बसायला जागा मिळते की नाही आणि त्या जागेसाठी खिशात हात घालावा लागतो की नाही, यावरून तो देश अधिक कळतो. म्हणून या वेळी ओरिलिया नावाच्या एका लहान शहराविषयी लिहीत आहे.

ओरिलिया हे ऑन्टॅरिओ प्रांतात, टोरांटोच्या उत्तरेला सुमारे १३५ किलोमीटरवर आहे. २०२१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या ३३,४११ भरली. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. १९६९ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला. हे गाव दोन सरोवरांच्या सांध्यावर वसले आहे. दक्षिणेला सिम्को सरोवर, क्षेत्रफळ ७२२ चौरस किलोमीटर. उत्तरेला कूचिचिंग सरोवर, लांबीला सुमारे १६ किलोमीटर आणि तसे उथळ. सर्वांत खोल जागी सुमारे १२ मीटर. सिम्कोचे पाणी एका अरुंद चिंचोळीतून कूचिचिंगमध्ये येते, तेथून सेव्हर्न नदीला मिळते आणि पुढे जॉर्जियन उपसागरात जाते. स्पॅनिश भाषेत 'ओरिया' म्हणजे काठ, किनारा. त्या शब्दावरूनच गावाला ओरिलिया हे नाव पडले, असे सांगतात. गावाच्या नावातच काठ आहे. तेव्हा हा काठ कोणाचा, हा प्रश्न या गावाला विचारलाच पाहिजे. पाण्याचा काठ ही काय चीज असते, हे आपल्या वाचकांना कोणी वेगळे समजावून सांगायला नको.

संध्याकाळी नऊपर्यंत उजेड

गावाचा मुख्य बाजार मिसिसागा रस्त्यावर आहे. हा रस्ता उतरत उतरत सरळ पाण्याशी जातो. दुकानातले काम संपवून माणूस पायी निघाला तरी थोड्या वेळात काठावर पोहोचतो. तेथे बोटींचे बंदर आहे आणि त्याला लागूनच कूचिचिंग बीच पार्क हे मोठे उद्यान आहे. वाळूचा किनारा, पोहण्याची जागा, मुलांसाठी झोके आणि घसरगुंड्या, मोठ्या झाडांखाली जेवणाची लाकडी टेबले, गाण्याबजावण्यासाठी उघडे रंगमंच असे सगळे एका ठिकाणी आहे. घरून डबा आणावा, चादर पसरावी, दिवस घालवावा. आत जायला तिकीट नाही.

काठाकाठाने पुढे गेले की टडहोप पार्क लागते. टडहोप हे या गावातले जुने कारखानदार घराणे. आधी घोडागाड्या आणि पुढे मोटारीही त्यांच्या कारखान्यात तयार होत. या उद्यानाच्या किनाऱ्याला मूस बीच म्हणतात. गावाच्या दुसऱ्या अंगाला, सिम्को सरोवराच्या बाजूने, किचनर पार्क आहे. तेथे पाळीव कुत्र्यांना मोकळे सोडण्यासाठी वेगळे कुंपण घातलेले आहे, म्हणजे लहान मुलांना आणि कुत्र्यांना एकमेकांचा त्रास नाही.

एके काळी रेल्वेचे रूळ गाव आणि पाणी यांच्या मधून जात असत. १९९० च्या दशकात ती रेल्वे बंद झाली. रूळ निघाले आणि त्या पट्ट्यावर चालण्याची आणि सायकलीची वाट तयार झाली. ही वाट देशभर पसरलेल्या ट्रान्स कॅनडा ट्रेल या पायवाटेचा एक भाग आहे. रेल्वेची जागा रिकामी झाली की त्यावर किती जणांचा डोळा असतो, हे आपण जाणतोच. येथे ती जागा चालणाऱ्यांच्या वाट्याला आली, ही मोठी गोष्ट म्हणावी लागेल.

जून महिन्यात तेथे सूर्य रात्री नऊच्या सुमाराला मावळतो. त्यामुळे दिवसपाळी संपवून, घरी जाऊन, मुलांना घेऊन काठावर आले तरी दोन-तीन तास उजेड हाती असतो. हिवाळ्यात मात्र सरोवर गोठते. मग त्याच पाण्यावर माणसे चालतात, बर्फात भोक पाडून गळ टाकतात, लाकडी खोपटी उभारून आत शेकत बसतात. प्रत्येक खोपटीची सरकारदरबारी नोंद करावी लागते, तिच्यावर क्रमांक लिहावा लागतो आणि बर्फ वितळण्यापूर्वी, ठरलेल्या तारखेच्या आत ती उचलावी लागते.

येथे एक गोष्ट विसरू नये. बाग असली तरी बागेत जायला वेळ हवा. तो वेळ तेथल्या कामगारांनाही कोणी भेट दिलेला नाही. १८७२ साली टोरांटोच्या छापखान्यांतल्या कामगारांनी दिवसाला नऊ तासांच्या कामासाठी संप केला. पुढाऱ्यांना अटक झाली. पण त्याच वर्षी कामगार संघटनांना मान्यता देणारा कायदा देशाला करावा लागला. पुढे १८९४ पासून सप्टेंबरचा पहिला सोमवार कामगार दिन म्हणून सुटीचा झाला. आज ओरिलियाच्या काठावर उन्हाळ्याची धामधूम मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया दिनापासून ते याच कामगार दिनापर्यंत चालते. मोसमाचा शेवट कामगारांच्या सुटीने होतो, पण त्या दिवशी पाण्यात डुंबणाऱ्या किती जणांना १८७२ आठवत असेल?

मोकळी जागा आपोआप उरत नाही

आपल्याला वाटते, परदेशात जमीन मुबलक, म्हणून बागा मोठ्या. हे अर्धेच खरे आहे. जमीन मुबलक असली तरी पाण्याकाठची जमीन मुबलक नसते. सिम्को सरोवराभोवती मैलोगणती काठ खासगी घरांनी आणि उन्हाळी बंगल्यांनी अडवलेला आहे. रस्त्याने जाणाऱ्याला पाणी दिसते, पण पाण्यापर्यंत जाता येत नाही. जेथे सरकारी रस्ता थेट पाण्याशी जाऊन संपतो, तेवढ्या चिंचोळ्या टोकावरूनच सामान्य माणसाला पाण्याला हात लावता येतो, अशीही गावे आहेत. अशा मुलखात ओरिलियाने गावाच्या ऐन मध्यावर काठ मोकळा ठेवला, याचे मोल त्यामुळे वाढते.

हे चालते कशावर? मुख्यतः गावच्या लोकांनी भरलेल्या घरपट्टीवर. बाकांची दुरुस्ती, कचऱ्याच्या पेट्या, शौचालयांची सफाई, गवताची कापणी, वाळूची झाडलोट, या सर्वांचा खर्च नगरपालिका करते. शिवाय ऑन्टॅरिओचा नियोजन कायदा असे सांगतो की, नवी घरे बांधणाऱ्या बिल्डरकडून नगरपालिका ५ टक्क्यांपर्यंत जमीन बागेसाठी मागू शकते. व्यापारी आणि औद्योगिक बांधकामाला हे प्रमाण २ टक्के आहे. जमीन नसेल तर तेवढ्या किमतीचे पैसे भरावे लागतात. घरे वाढली तर बागही वाढली पाहिजे, हा त्यामागचा विचार आहे.

पाण्याचीही राखण करावी लागते. उन्हाळ्यात सिम्को-मस्कोका जिल्ह्याच्या आरोग्य विभागाची माणसे सार्वजनिक किनाऱ्यांवरच्या पाण्याचे नमुने घेतात. १०० मिलिलिटर पाण्यात 'ई. कोलाय' या जंतूंची सरासरी २०० च्या वर गेली की किनाऱ्यावर इशाऱ्याची पाटी लागते. हे जंतू विष्ठेतून येतात. जोराचा पाऊस झाला की रस्त्यांवरची घाण वाहून पाण्यात जाते. काठावर जमणाऱ्या कॅनडा जातीच्या हंसबदकांची विष्ठाही त्यात भर घालते. म्हणून पक्ष्यांना पाव टाकू नका, असे सांगितले जाते. मुलांना गंमत वाटते, पण त्या पावाच्या तुकड्यांमुळे पक्षी तेथेच ठाण मांडतात आणि दुसऱ्या दिवशी मुलांचेच पोहणे बंद होते.

सिम्को सरोवराचे दुखणे याहून जुने आहे. शेतांतली खते, गावांचे सांडपाणी आणि वाऱ्याने उडून येणारी माती यांतून फॉस्फरस पाण्यात जातो. त्यावर शेवाळ माजते, ते कुजताना तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि थंड पाण्यातले मासे तग धरत नाहीत. यासाठी ऑन्टॅरिओने २००८ साली या एका सरोवरासाठी स्वतंत्र संरक्षण कायदा केला आणि २००९ साली योजना आखली. वर्षाला ४४ टनांपेक्षा जास्त फॉस्फरस पाण्यात जाऊ नये, हे त्या योजनेचे उद्दिष्ट आहे. काठ सर्वांचा म्हटला की घाणही सर्वांची होते, आणि ती आवरण्याचे कामही सर्वांचेच.

गर्दीचाही प्रश्न आहे. १९६१ साली ओरिलियात मारिपोसा हा लोकसंगीताचा महोत्सव सुरू झाला. गॉर्डन लाइटफूट हा पुढे जगभर गाजलेला गायक याच गावचा. १९३८ साली जन्मला आणि २०२३ साली वारला. महोत्सव इतका फुगला की १९६३ च्या गर्दीनंतर गावाने त्याला पुन्हा जागा द्यायला नकार दिला. महोत्सव दुसरीकडे गेला. पण २००० साली गावानेच त्याला परत बोलावले आणि आता तो दर जुलैत टडहोप पार्कमध्ये सरोवराच्या काठी भरतो. त्याच उद्यानात २०१५ साली लाइटफूटचे शिल्पही उभारले गेले. अलीकडच्या वर्षांत उन्हाळ्यात बाहेरगावच्या मोटारींची गर्दी वाढली, तेव्हा नगरपालिकेने काठावर त्यांना पार्किंगचे पैसे लावले आणि गावातल्या रहिवाशांना पास दिले. बाग घरपट्टीवर चालते, म्हणून गावकऱ्यांना हे रास्त वाटेल. पण दूरच्या शहरात छोट्या खोलीत राहणाऱ्या आणि वर्षातून एकदाच पाणी पाहायला येणाऱ्या कामगार कुटुंबाला ते जड जाते, हेही खरे. दार सताड उघडे असले तरी उंबरठ्याची उंची किती, हे पाहावेच लागते.

पाच हजार वर्षांचे खुंट

आता या गोष्टीची दुसरी बाजू. दोन सरोवरांमधली जी अरुंद चिंचोळी मी वर सांगितली, तिथे पाण्याखाली लाकडी खुंट रोवलेले आहेत. त्यांतले सर्वांत जुने सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात. तेथल्या मूळनिवासी लोकांनी मासे अडवण्यासाठी बांधलेली ही कुंपणे आहेत. मासे एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना या कुंपणात वळवले जात आणि हवे तेवढे पकडता येत. चिखल आणि पाणी यांनी हे लाकूड आजवर जपले. या जागेला मजिकानिंग म्हणतात. १९८२ साली कॅनडा सरकारने तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता दिली. आणखी एक नवलाची गोष्ट अशी की, 'पाण्यात उभी असलेली झाडे' या अर्थाच्या एका मोहॉक शब्दापासून टोरांटो हे नाव आले आणि तो शब्द मुळात याच खुंटांच्या जागेसाठी होता, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे कॅनडाच्या सर्वांत मोठ्या शहराचे नाव मूळनिवासी मच्छीमारांच्या कामावरून आलेले आहे.

१६१५ साली सॅम्युएल द शांप्लेन हा फ्रेंच प्रवासी या भागात आला, तेव्हा ही कुंपणे वापरात होती. पुढे इंग्रजांचे राज्य आले. १८३० साली सरकारने चिपेवा लोकांना या चिंचोळीपासून कोल्डवॉटरपर्यंतच्या पट्ट्यात वसवले. शेती करा, घरे बांधा, स्थिर व्हा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी जमीन साफ केली, घरे बांधली, पिके काढली. आणि सहा वर्षांनी, १८३६ साली, तीच जमीन त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. इथल्या लोकांना सरोवराच्या पलीकडच्या काठाला, रामा येथे जावे लागले आणि तेथली जमीन स्वतःच्या पैशांनी विकत घ्यावी लागली. त्यांच्या साफ केलेल्या जमिनीवर ओरिलिया गाव वाढले.

त्यांच्या वंशजांनी हा अन्याय विसरून टाकला नाही. कागदपत्रे गोळा केली, १९९१ साली दावा दाखल केला. २०१२ साली केंद्र सरकारने तो मिटवला आणि चार मूळनिवासी समाजांना मिळून ३० कोटी ७० लाख डॉलर भरपाई दिली. जमीन गेल्यानंतर १७६ वर्षांनी! पैसे आले, पण काठ जसा होता तसा परत आला नाही.

या इतिहासाची सावली उद्यानातही पडलेली आहे. कूचिचिंग बीच पार्कमध्ये १९२५ साली शांप्लेनचे भव्य स्मारक उभारण्यात आले. वर उंचावर शांप्लेन, आणि खाली धर्मोपदेशक आणि व्यापारी यांच्या पायांशी बसलेले मूळनिवासी, अशी त्याची रचना होती. पिढ्यान्‌पिढ्या मुले त्याच्या पायऱ्यांवर खेळली. २०१७ साली दुरुस्तीसाठी ते उतरवले गेले, तेव्हा ते पुन्हा जसेच्या तसे बसवायचे का, यावर मोठी चर्चा झाली. पुतळे बसवणारा कोण आणि पायाशी कोणाला बसवले, हा प्रश्न रामाच्या लोकांनी विचारला. त्यात गैर काय? बागेतला पुतळा दगडधातूचा असला तरी त्याच्याभोवती खेळणाऱ्या मुलाला तो काहीतरी शिकवत असतो. मूळनिवासी आईने आपल्या मुलाला झोक्यावर बसवून समोरच्या पुतळ्याविषयी काय सांगायचे?

भिंतीआडचा काठ

ओरिलियाच्या दक्षिणेला, सिम्को सरोवराच्या काठी, आणखी एक मोठी जागा होती. तेथे सहलीला कोणी जात नसे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलामाणसांना ठेवण्यासाठी सरकारने १८७६ साली ओरिलियात एक संस्था उघडली. पुढे तिचे नाव ह्युरोनिया रीजनल सेंटर झाले. एके काळी तेथे दोन हजारांहून अधिक माणसे कोंबलेली होती. कोवळ्या वयात आईबापांपासून तोडलेली मुले तेथे वाढली, राबली, मारहाण सोसली आणि कित्येक तेथेच वारली. संस्थेच्या दफनभूमीत अनेक कबरींवर नाव नव्हते, नुसता आकडा होता.

१९६० साली पियरे बर्टन या पत्रकाराने टोरांटोच्या दैनिकातल्या आपल्या सदरात तिथली गर्दी आणि पडझड यांविषयी लिहिले. खळबळ उडाली, पण संस्था बंद व्हायला २००९ साल उजाडावे लागले. त्यानंतर तेथे राहिलेल्या माणसांनीच न्यायालयात दाद मागितली. ज्यांना समज नाही असे जग म्हणत आले, त्यांनीच सरकारला कोर्टात खेचले. २०१३ साली ३ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली आणि ९ डिसेंबर २०१३ रोजी प्रांताच्या मुख्यमंत्री कॅथलीन विन यांनी विधानसभेत त्यांची माफी मागितली.

विचार करा. तेच सरोवर, तोच वारा. एका काठावर लोक पोहत होते, गाणी ऐकत होते. त्याच गावात दुसऱ्या काठावर माणसे बंदिस्त होती. पाण्याजवळ राहणे आणि पाण्याचा आनंद मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता काळ पालटला आहे. ऑन्टॅरिओने २००५ साली अपंग नागरिकांसाठी कायदा केला. त्याखालच्या नियमांप्रमाणे सार्वजनिक वाटा, किनाऱ्यावर जाण्याचे मार्ग आणि मुलांची खेळाची मैदाने नव्याने बांधताना ती अपंगांनाही वापरता येतील अशीच बांधावी लागतात. चाकाच्या खुर्चीला वाट हवी, उतार सौम्य हवा, मैदानात अपंग मूलही खेळू शकले पाहिजे. ही कोणावर केलेली दया नव्हे. ज्यांना भिंतीआड ठेवले गेले, त्यांचा काठावरचा हक्क उशिरा का होईना कागदावर आला, एवढाच त्याचा अर्थ.

तिकडे असणाऱ्या मुलांसाठी

शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी आपल्यातल्याही काही घरांतली मुलेमुली आज ऑन्टॅरिओत आहेत. फोनवर ती सांगतात, "आई, सुटीला मित्रांबरोबर लेकवर चाललो." आईला लेक म्हणजे काय, तेथे काय धोका, हे कळत नाही. म्हणून चार गोष्टी येथे देत आहे. कापून ठेवा किंवा मुलांना वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, पोहता येत नसेल तर कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये. सरोवर शांत दिसते, पण तळ एकाएकी खोल होतो. मे महिन्यात बाहेर ऊन असले तरी पाणी बर्फासारखे असते. अशा पाण्यात पडताच श्वास अडकतो, पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय चालेनासे होतात. तेथली जीवरक्षक संस्था तीन गोष्टी किमान यायला हव्यात असे सांगते. खोल पाण्यात पडल्यावर सावरून वर येणे, एक मिनिट जागच्या जागी तरंगणे आणि ५० मीटर पोहून जाणे. नगरपालिकांच्या तलावांत हे शिकवले जाते. लाज न बाळगता, वय न पाहता शिकून घ्यावे. मुलींनी तर अवश्य शिकावे.

दुसरी गोष्ट होडीची. होडीत जितकी माणसे, तितकी लाईफ जॅकेट असलीच पाहिजेत, असा कायदा आहे. नुसती असून भागत नाही, ती अंगात घालावीत. मोटारबोट चालवायची तर त्यासाठी परीक्षा देऊन कार्ड घ्यावे लागते. मित्र आग्रह करतो म्हणून सुकाणू हातात घेऊ नये. गळ टाकायचा असेल तर १८ ते ६४ वयाच्या माणसाला परवाना लागतो.

तिसरी गोष्ट बर्फाची. एकट्याने चालायचे तर बर्फ निदान १५ सेंटीमीटर जाड हवा आणि घोळक्याने स्केटिंग करायचे तर २० सेंटीमीटर, असे तेथली रेड क्रॉस सांगते. दोन सरोवरांमधल्या चिंचोळीत पाणी वाहते असते, म्हणून तिथला बर्फ कायम दगा देणारा. पुढे कोणाची पावले उमटलेली दिसली म्हणून आपणही जावे, असे करू नये.

चौथी गोष्ट, किनाऱ्यावर इशाऱ्याची पाटी असेल तर पाण्यात उतरू नये. मोठा पाऊस झाल्यावर एक-दोन दिवस थांबावे. आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणावा. आणि पाहुण्यासारखे अंग चोरून बसू नये. पगारातून कर भरणाऱ्या माणसाचा त्या बाकावर इतरांइतकाच हक्क आहे.

आपण काय घ्यायचे?

ओरिलियाची गोष्ट सांगताना परदेशाचे कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. त्या गावाने काठ मोकळा ठेवला, हे खरे. तो काठ आधी ज्यांचा होता त्यांना हुसकावले गेले, हेही खरे. ज्यांना बोलता येत नव्हते त्यांना त्याच काठावर कोंडले गेले, हेही तितकेच खरे. या तिन्ही गोष्टी एकाच गावच्या आहेत आणि तिन्ही एकदमच सांगितल्या पाहिजेत. चूक कबूल करायला त्या समाजाला दीड-पावणेदोनशे वर्षे लागली. आणि तीही आपणहून केली नाही; ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी कागद जपले, साक्षी दिल्या, कोर्टाची पायरी चढली, तेव्हा कोठे केली.

म्हणून कोणतीही सुंदर सार्वजनिक जागा पाहिली की तीन प्रश्न विचारायची सवय मुलांना लावावी. ही जागा आधी कोणाची होती? तिचा खर्च आज कोण करतो? आणि येथे कोण दिसत नाही? पहिल्या प्रश्नाने इतिहास कळतो, दुसऱ्याने कारभार कळतो आणि तिसऱ्याने आपले काम कळते. सहामाही परीक्षेत हे कोणी विचारणार नाही. पण मुलगा किंवा मुलगी उद्या नगरसेवक झाली, इंजिनियर झाली, बागेत माळी झाली किंवा दूरदेशी एखाद्या सरोवराकाठी नुसती बसली, तरी हे तीन प्रश्न तिच्या उपयोगी पडतील.